डाव्या हाताची कात्री

ताई : धरून तर बघ.

चिंगी : धरली.

ताई : अशी नाही. अंगठा वरच्या कडीत. हिची पाती उलट बसवलेली असतात, म्हणजे डाव्या हाताने कापताना आखलेली रेघ पात्याखाली झाकली जात नाही. एकदा कापून बघ, फरक कळेल.

चिंगी : कळला. ठेव आता. आपण कागद बघायला आलो होतो ना?

ताई : आधी हत्यारं, मग कागद. हत्यारांवरून कागद ठरतो.

चिंगी : आणि शेवटी निष्कर्ष. वही उघडू का, बाई?

ताई : तू दुकानात शिरल्यापासून एका जागी उभी राहिलेली नाहीस. शाईच्या डब्या झाल्या, रिबिनी झाल्या, आता परत दाराशी चाललीस. मी बोलतेय कुणाशी?

मावशी : फिरू दे हो तिला, बाई. इतकी वर्षं तिची कार्डं या दुकानात येतात, कुठल्या खणात काय आहे ते माझ्याहून तिला जास्त माहीत. फक्त ते रीळ ओढू नकोस गं, चिंगे. वरचा सगळा डोलारा अंगावर येईल.

चिंगी : मावशी, माझ्या कार्डांचा स्टँड रिकामा दिसतोय.

मावशी : रिकामा कुठे? एक आहे की.

चिंगी : जाळीच्या पानाचं कार्ड. हे अजून गेलं नाही?

मावशी : जाईल कसं? मी विकतच नाही. कुणी मागितलं की सांगते, नमुन्याचं आहे. लोक उजेडाकडे धरून त्या शिरांमधून आरपार बघतात आणि विचारतात, हे मशीनने कापलंय का? मी म्हणते, मशीन आत्ता घरी आराम करतंय.

चिंगी : कोपरे पिवळे पडलेत.

मावशी : पडणारच. काचेतून ऊन येतं. म्हणूनच म्हटलं बाईंना, आज हिला घेऊन या, एकदाचं काय ते ठरवू. ती मुलगी संध्याकाळी यायची आहे. तिला आणखी किती उद्या-परवा करू?

चिंगी : कोण मुलगी?

मावशी : अगं बाई. तुम्ही हिला सांगितलं नाहीत?

ताई : सांगणार होते. खरेदी उरकल्यावर.

चिंगी : कोण मुलगी, मावशी?

मावशी : आहे एक. कार्डं करते, चमचमती. टिकल्या, मणी, चकचकीत फीत, सगळं एकाच कार्डावर. परवा पिशवीभर घेऊन आली. म्हणाली, मावशी, हा स्टँड मला द्या, मी कधी रिकामा ठेवणार नाही. मी म्हटलं, हा एकीचा आहे. तर म्हणते, त्यांची कार्डं कुठायत? आता काय सांगू तिला? दाराशी रिकामा स्टँड असला ना, गिऱ्हाईक बाहेरूनच मागे फिरतं. त्याला वाटतं दुकान मोडीत निघालं.

चिंगी : मग द्यायचा होता.

मावशी : दिलाच असता एखादीने. पण बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत तुझी कार्डं येतील.

चिंगी : असं म्हणाल्या?

ताई : म्हणाले. अंदाजाने नाही म्हणाले, पडताळून म्हणाले. म्हणून तर आलोय इथे. हे बघ, ही स्प्रिंगची कात्री, दाबली की कापते, सोडली की आपोआप उघडते. हा सरकत्या पात्याचा कटर, कागद पट्टीखाली दाबून धरला जातो, दुसरा हात लागत नाही. हा चिमटा टेबलाच्या कडेला आवळायचा. डिंक नको, बाटली दाबायची आणि कागदही धरायचा म्हणजे पंचाईत. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. आणि ठसे. ठशाला तर एकच हात पुरतो.

चिंगी : ठशातलं फूल सगळ्यांच्या घरी सारखंच येतं, ताई.

ताई : सुरुवात तर होईल.

चिंगी : कशाची?

ताई : तू आधी एका जागी बस.

चिंगी : बसले की हात दुखतो. उभी राहिले की दुखत नाही असं नाही, पण लक्षात राहत नाही.

मावशी : त्या कात्रीला नाक मुरडू नकोस गं. तुझी नवी कार्डं पाहिली मी. एका हाताने केलीस म्हणे. जुन्याची सर नाही, खोटं कशाला बोलू? पण हात मोडल्यावर माणूस अंथरूण धरतं, आणि तू कार्डं केलीस. मी तर घरी जाऊन सुनेला सांगितलं.

चिंगी : माझी नवी कार्डं.

मावशी : हो. इथेच आहेत गल्ल्यापाशी. मांडणार होते, पण बाई म्हणाल्या, इतक्यात नको.

चिंगी : दाखवा.

ताई : मावशी, राहू द्या.

चिंगी : दाखवा ना. माझीच आहेत तर बघू तरी कशी झालीत.

मावशी : ही घे. का गं? काय झालं?

चिंगी : ही घडी बघा. वर पांढरी रेघ आलीय, रंग फुटलाय. कागदाचे धागे उभे आणि घडी आडवी. मी झोपेत तरी अशी घडी घालेन का?

मावशी : मग कुणी घातली?

चिंगी : आपल्या शास्त्राच्या बाईंनी. हो ना, ताई?

ताई : मी ती तुझी आहेत असं म्हटलं नव्हतं. मावशी, आठवा. मी म्हटलं, ही एका हाताने केलेली कार्डं आहेत.

मावशी : अहो, पण त्याचा अर्थ दुसरा काय होतो?

ताई : अर्थ तुम्ही काढलात. मी खोडला नाही, एवढं खरं.

चिंगी : शाळेत कुणी असं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभं केलं असतंस.

ताई : केलं असतं. ऐकून तर घे. मला वाटलं, तुला नुसतं ‘जमेल, जमेल’ सांगण्यात अर्थ नाही. सगळे तेच सांगतात. मला आधी खात्री करून घ्यायची होती. म्हणून रोज शाळेतून आल्यावर दार लावून बसायचे. टॉवेलने हात कमरेशी बांधायचा आणि एकाच हाताने करायचं सगळं. मापं घेणं, कापणं, चिकटवणं. तुझे मेहुणे बाहेरून विचारायचे, चहा आत पाठवू का? पहिल्या दिवशी वैताग आला. पण चौकटी कापणं फार लवकर जमलं. इतकं लवकर, की मलाच नवल वाटलं. आणि मी काही कारागीर नाही. मला जमतं तर तुला जमणारच.

चिंगी : बांधलास कोणता हात?

ताई : उजवा. तुझा उजवा गेलाय म्हटल्यावर उजवाच बांधणार.

चिंगी : म्हणजे केलंस सगळं डाव्याने.

ताई : हो.

चिंगी : ताई, तू भाजी कुठल्या हाताने चिरतेस?

ताई : त्याचा इथे काय संबंध?

चिंगी : सांग ना.

ताई : मी उजवी आहे. मी उजव्या हाताने लिहिते.

चिंगी : लिहितेस, कारण आईने पट्टी घेऊन शेजारी बसून तुला उजव्याने लिहायला लावलं. भाजी कुठल्या हाताने चिरतेस? दात? सुईत दोरा? लहानपणी गच्चीवर चेंडू फेकायचीस तेव्हा समोरची पोरं काय ओरडायची?

मावशी : काय ओरडायची?

चिंगी : डावरी आली, मागे सरका.

मावशी : अरे देवा.

ताई : थांब.

चिंगी : तू तुझा कामाचा हात मोकळा ठेवलास, ताई. आणि नुसता लिहायचा तेवढा बांधलास.

ताई : थांब जरा, चिंगी.

मावशी : हसू नये, पण मला हसू येतंय. बाई, तुम्ही आमच्या नातवाला शिकवता ना?

ताई : हसा. हे मला सुचायला हवं होतं. मुलांनी असा प्रयोग आणला असता तर पहिल्या ओळीलाच लाल रेघ मारली असती. द्या ती कात्री. डाव्यांची नको, साधी. आणि एक कागद द्या. चिंगे, माझा डावा हात धर. घट्ट. सुटता कामा नये.

चिंगी : कशाला?

ताई : धर म्हणते ना.

(ताई गल्ल्यावर कागद पसरते आणि उजव्या हातात कात्री घेते. चिंगीने आपल्या चांगल्या हाताने तिचं डावं मनगट धरलं आहे. कागद घसरतो, ताई तो कोपराने दाबते, कात्री कागद कापण्याऐवजी दुमडते.)

मावशी : सोडा आता, बाई. फाटला तो.

ताई : दुसरा द्या.

मावशी : दुसराही तसाच होईल.

ताई : चौकट राहिली बाजूला, मला सरळ रेघसुद्धा कापता येत नाही. आणि मी तुला आठवडाभर सांगतेय की सोपं आहे, सवयीचा प्रश्न आहे.

चिंगी : आठवडाभर नाही. दवाखान्यातून आल्यापासून.

ताई : तू मला बोलली का नाहीस?

चिंगी : तू ऐकून घेत होतीस कधी? रोज सकाळी फोन. आज चेंडू दाबलास का? आज बटण लावून बघितलंस का? ही कात्री बघ, ती पट्टी बघ. पाठीमागे वाघ लागल्यासारखी घाई. एवढी घाई कशाची आहे, ताई?

ताई : स्टँडची. ती मुलगी आज येणार आहे.

चिंगी : ती मुलगी परवा आली. तुझी घाई त्याच्या कितीतरी आधीची आहे. डॉक्टरांनी तुला एकटीला आत बोलावलं होतं, त्या दिवसापासूनची.

मावशी : मी आतून जरा शाईच्या डब्या घेऊन येते.

चिंगी : कुठे जाऊ नका, मावशी. डब्या समोरच आहेत तुमच्या.

ताई : इथे नको. घरी बोलू.

चिंगी : घरी तू बोलत नाहीस. घरी तू भांडी घासतेस.

ताई : ते म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं. नस जोडली, पण नस सगळीच पुन्हा वाढते असं नाही. म्हणाले, जेवढं यायचं तेवढं सुरुवातीला येतं, नंतरचं फार थोडं. मी विचारलं, थोडं म्हणजे किती? म्हणाले, पेला धरता येईल, दार उघडता येईल. मी विचारलं, आणि कागद कोरायची सुरी? बारीक काम? तर ते कागद चाळायला लागले. मग म्हणाले, इतक्यात सांगू नका, उमेद खचते. मी हो म्हटलं. तेव्हापासून मला वाटत होतं, हे तुला कळायच्या आत तुझा दुसरा हात तयार असावा. म्हणजे कळलं तरी लागणार नाही. निदान कमी लागेल.

चिंगी : मला कळलंय ते.

ताई : कुणी सांगितलं?

चिंगी : सांगायचं कुणी? हात माझा आहे. या दोन बोटांना गरम चहाचा कप लागला तरी समजत नाही. दिसतं, मग कळतं. तुझ्या आधीपासून माहीत आहे मला.

ताई : आणि तू बोलली नाहीस.

चिंगी : तू इतक्या जोरात आशा धरून बसली होतीस, म्हटलं हिला कशाला सांगा.

मावशी : चांगल्या बहिणी आहात. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवून बसल्या. बसा आता. तो स्टूल ओढा, बाई, तुमचा चेहरा उतरलाय. पाणी देऊ?

ताई : नको. मावशी, ते चिमटे, कटर सगळं जागेवर ठेवा. माझं चुकलं. त्या मुलीला देऊन टाका स्टँड.

चिंगी : हे तू कोण ठरवणार?

ताई : मी आत्ताच पाहिलं ना, काय होतं ते.

चिंगी : तू तुझ्या हाताचं पाहिलंस. आधी एका हातावरून ठरवलंस की जमेल, आता दुसऱ्या हातावरून ठरवतेस की जमणार नाही. माझा हात या दोन्हींत कुठे आला?

ताई : मग एक मार्ग आहे. रागावू नकोस. आखणी तू कर, रंग तू ठरव, घडी तू घाल. कापायचं तेवढं मी कापते. माझा डावा हात चांगला चालतो, हे तर सिद्ध झालंय.

मावशी : हे बाकी झकास. दोघींचं नाव लावू.

चिंगी : नको.

मावशी : का गं? घरचंच माणूस आहे.

चिंगी : मी पान आधी आखत नाही, मावशी. सुरी चालते तसं ते होत जातं. मधेच एखादी शीर वळते, ती का वळली ते मलाही नंतर कळतं. ते हिला कसं सांगू? ही विचारेल, किती अंशात वळवू?

ताई : विचारलं असतं. खरं आहे.

चिंगी : आणि मी शेजारी बसून ‘जरा डावीकडे, जरा उजवीकडे’ करत राहिले तर चार दिवसांत आपण बोलेनाशा होऊ.

मावशी : ते मात्र होईल. आमच्या जावा-जावांचं भरतकामावरून तसंच झालं. कापड अजून अर्धं पडलंय. बरं, चिंगे, मगापासून त्या पुठ्ठ्याला काय भोसकतेयस? नवा आहे तो.

चिंगी : हे होय? इथे पडलं होतं. वही शिवायला आधी भोकं पाडतात ना, तो टोचा. असंच आपलं, हाताला चाळा.

मावशी : चाळा म्हणे. बघू.

चिंगी : काही नाही त्यात. सुरी ओढायची तर दुसऱ्या हाताने कागद ताणून धरावा लागतो. टोच्याला लागत नाही. खाली जाड कापड असलं आणि वर हे कागदावर ठेवायचं वजन, की झालं. जिथे टोचलं तिथे राहतो, पळत नाही.

ताई : उलट करून बघ. मागून टोचलंस तर पुढे उंचवटे येतील. बोटाला लागतात बघ. ही पानाची मधली शीर आहे का?

चिंगी : असेल.

मावशी : मला तर गोगलगाय वाटतेय.

चिंगी : मलाही. वाकडी गोगलगाय.

ताई : एका ओळीतल्या दोन भोकांमधलं अंतर सारखं नाही, पण ते सरावाने –

चिंगी : ताई.

ताई : नाही बोलत.

चिंगी : हे चांगलं नाहीये. मला दिसतंय. त्या स्टँडवर मांडावं असं तर नाहीच नाही. कदाचित कधी होणारही नाही. पण मघापासून मला उठून फिरावंसं वाटलेलं नाही.

मावशी : एवढ्यावर मी त्या मुलीला काय सांगू गं? संध्याकाळ होत आली.

चिंगी : कागद काढा आधी. तो गुळगुळीत नको, सुती चिंध्यांचा असतो ना, हाताला जरा खरखरीत, तो. जाड. हा टोचा, आणि याहून बारीक एक. खाली घालायला जाड लोकरीचा नमदा. हे वजन. बस.

ताई : आणि ही डाव्यांची कात्री?

चिंगी : ती तू घे. जन्मभर डाव्या हाताने उजव्यांची कात्री चालवतेयस आणि म्हणतेस, सगळ्यांनाच रेघ दिसत नाही.

ताई : मला खरंच वाटायचं, सगळ्यांना दिसत नाही.

मावशी : बांधते मग सगळं. बोला पण, स्टँडचं काय?

चिंगी : तिला द्या.

ताई : चिंगी, घाई करू नकोस.

चिंगी : घाई तुझी होती. मावशी, तिला द्या, पण सगळ्यात खालचा खण सोडून. तेवढा माझा.

मावशी : खालचा? तो गुडघ्याशी येतो. तिथे वाकून कोण बघतं? पोरंटोरं आणि ज्यांचं काही पडलंय ते.

चिंगी : चालतील.

मावशी : आणि तोही रिकामाच ठेवू? ती मुलगी त्यावरही डोळा ठेवेल. जीभ आहे तिला.

चिंगी : रिकामा कशाला? ही ताईची कार्डं लावा तोवर. घड्या मी मोडून नीट घालून देते, तेवढं एका हाताने येतं. पण नाव तिचं लावा. माझं नको.

ताई : माझं नाव? शाळेतली मुलं येतात इथे.

चिंगी : येऊ देत. विचारतील, बाई, या चौकटी तुम्ही कापल्या? सांग, हो.

मावशी : आणि तुझी झाली की? नावाची चिठ्ठी मी लिहून ठेवू का आत्ताच?

चिंगी : नको. मी लिहीन. जरा मोठा कागद ठेवा, मावशी. सध्या अक्षर मोठं येतं माझं.